रबराच्या पाकळ्या

वास पहिल्यांदा आला बुधवारी रात्री,
आणि गुरुवारी पाणी बंद.
मी आधी संशय घेतला खालच्या मजल्यावर,
मग ड्रेनेजवर, मग महापालिकेवर.
धायरीत माणूस याच क्रमाने जातो.

सिंकखालचं यंत्र मुळात माझ्या हट्टाचं.
हप्त्यांवर घेतलं, हौसेनं बसवलं.
बटण दाबलं की दोडक्याच्या शिरा, ताटातली शितं, चहाचा चोथा
घरघरत कुठंतरी जायचं.
कुठं जातं, असं मृदुलानं विचारलं होतं.
मी म्हणालो होतो, जातं.

आता ती बदलीवर नांदेडला, जूनपासून,
आणि मी इथं या वासाबरोबर,
जो सकाळी माझ्या आधी उठतो.

लिंबाच्या साली टाकल्या.
तासभर स्वयंपाकघर सरबताचं,
मग सरबत पिऊन कुणी मेल्याचं.
खायचा सोडा टाकला, त्यावर व्हिनेगर.
फसफसलं, शाळेतल्या प्रयोगासारखं,
आणि निष्कर्षही तेव्हासारखाच, शेजाऱ्याच्या वहीतला.
बर्फ आणि जाडं मीठ घालून फिरवलं
तर वरून सरनोबतांचा फोन:
"ड्रिलिंग दुपारी दोन ते चार नको."
उदबत्ती लावली. तिनं एवढंच केलं
की वासाला सोवळं नेसवलं.

सव्वासातला शेवंताबाई कसबे दारात.
बादलीत डोकावून म्हणाल्या,
"तुमचा ओला दीड वर्षात दिसला नाय."
मशीन आहे आमच्याकडे, मी म्हणालो,
वासाच्या अंगावर दार ओढत.
एकशेचाळीस घरांचा ओला रोज हातानं उपसणारं ते नाक
क्षणभर थांबलं उंबऱ्यावर.
"ह्यो कचऱ्याचा वास नाय, दादा.
कचरा जातो.
ह्यो ऱ्हायलेल्याचा हाय."
आणि ढकलगाडी पुढच्या विंगकडे गेली.

रात्री मृदुलाला फोन लावला,
तसा सहजच, जेवलीस का वगैरे.
मग वास.
"तोंडाशी काळं रबर आहे ना, पाकळ्यांचं?
ते आतून घासलंस?"
आतून असतं ते?
पलीकडे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.
"दर शनिवारी घासायचे मी," ती म्हणाली.
"तू पुरवणी वाचायचास तेव्हा."
रागानं नाही. पत्ता सांगावा तसं.

मेन स्विच बंद केला. दोनदा पाहिला.
जुना दातांचा ब्रश, भांड्यांचा साबण, मोबाईलचा उजेड,
आणि एकेक पाकळी बोटानं उलटी.
वरून इतकी तुकतुकीत.
खाली करडा, बुळबुळीत, थरांचा गाळ,
मोहरीचे डोळे लागलेला,
नारळाच्या शेंडीचा एक केस,
भाताचं काहीतरी, जे आता भात नव्हतं.
मळमळलं. नळ सोडला, पुन्हा घासलं.
सहावी पाकळी वळवताना
एक चिंचोका टपकन हातात आला,
न दळला गेलेला, काळाभोर, गुळगुळीत.
मी आमटीत आमसूल टाकतो.
चिंच तिची.
म्हणजे हा जूनच्या आधीचा.

धुऊन ओट्यावर ठेवला. मग खिडकीत.
मग म्हटलं, काय चाललंय,
आणि माळ्यावरची हिरवी बादली काढली,
धूळ झटकली, त्यात टाकला.
एवढ्या मोठ्या बादलीत तो खडखड वाजला.
वर दोडक्याच्या शिरा टाकल्या, चहाचा चोथा टाकला,
वाजू नये म्हणून.

सकाळी शेवंताबाई: "आला का ओला!"
जणू गावाहून पाहुणा.

स्वच्छ रबराचा फोटो काढून नांदेडला पाठवला,
सहाही पाकळ्या उलट्या करून,
दोन तास उत्तराची वाट पाहिली.
एक अंगठा आला.
पिवळा, कोरडा,
त्याला कसलाच वास नव्हता.
माझ्या बोटांना अजून होता.